अर्ध्या घाटातलं घर

“तुम्ही दोघं यातलं एक अक्षर खरं मानणार नाही,” मी म्हणालो, “आणि मानूही नका. पण हा घाट चढायला निघालेलं पहिलं घर माझं होतं.”

ऋजुतानं मोबाईलमधून मान वर काढली. “घर? म्हणजे अख्खं घर, काका?”

“दार, खिडक्या, पडदे, देवाचा कोनाडा आणि पाणी तापवायचा बंब. सगळं चाकांवर. तुमचं ते पांढरं अंडं माझ्या घरापुढे कोंबडीचं खुराडं वाटलं असतं.”

अंडं म्हणजे अंगणातली त्यांची गाडीमागं ओढायची खोली. मंदारनं ती पुण्याहून भाड्यानं आणली होती. आंब्याखाली ती उभी राहिल्यापासून अख्खी वाडी येऊन बघून गेली होती. शेजारच्या कोंबड्या तर आत जाऊन पलंगावर बसूनही आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती घेऊन घाट चढायचा, वर देवमाचीच्या तळ्याकाठी मुक्काम करायचा, असा नवराबायकोचा बेत होता. पडवीत बसून तोच चालला होता.

“हे बघा,” ऋजुता म्हणाली, “इथून सरळ निळी रेघ जाते. तासाभरात माथा.”

“ही रेघ काढणाऱ्याच्या पाठीला घर बांधलं होतं का?”

“नाही, ते वरून उपग्रहानं…”

“हां. घाट वरून नाही बघायचा गं पोरी. शेपटीकडून बघायचा. गाडीचं तोंड कुठूनही निघतं. अडकते ती शेपटी.”

मंदार हसला. हसताना त्याचा डावा गाल वर जातो, अगदी बापासारखा. त्याचा बाप म्हणजे माझा मेहुणा भिकाजी. श्रावणात तो गेला. माझ्या बायकोची, इंदूची, भावाशिवायची ही पहिलीच भाऊबीज. ती चंद्राला ओवाळणार, म्हणून पोरगा आत्याला सोबत करायला आला होता. ती आत विळीवर नारळ खवत होती. खरखर बाहेर ऐकू येत होती.

“सांगा काका,” मंदार म्हणाला. “बाबांकडून ऐकलीय मी थोडी. बकरीची ना?”

“बकरी शेवटी येते. तिला घाई करू नकोस.”

तर सांगायला बसलो. माझं नाव हरिश्चंद्र. ही आमच्या आईबापांनी मारलेली पहिली थाप. पुढच्या मी मारल्या.

मी तेव्हा एका लाकूड ठेकेदाराची जुनी जीप चालवत असे. महायुद्धातून आलेली. तिच्या रिव्हर्स गिअरला मराठी समजत नसे, कारण ती ब्रह्मदेशात शिकलेली. मागं घ्यायची झाली की तिच्या कानात हळूच खोटं सांगावं लागे, “पुढं जायचंय गं बाई.” मग ती हट्टानं मागं येई. ठेकेदार धंदा गुंडाळून गेला आणि थकलेल्या पगारापोटी जीप माझ्या गळ्यात मारून गेला.

लग्न नवं होतं. थोरल्या भावाच्या घरात धान्याच्या कणगीमागची जागा आमची. आमच्या वहिनीचं बोलणं असं, की त्या घरात जेवताना तोंडी लावायला मिरची लागत नसे. इंदूनं पाणी जास्त ओतलं तर नदी हिच्या बापाची का, आणि कमी ओतलं तर हात झिजतात का. इंदू ऐकून घेई. एकदाच मला म्हणाली, “चार भिंती असाव्यात हो. कुडाच्या का असेनात.”

भिंती उभ्या करायला जमीन लागते. ती माझ्याकडे नव्हती. जीप होती. आणि भिकाजी होता.

भिकाजी माझा मेहुणा झाला तो नंतर. आधी दोस्त. एका ताटात जेवलेले आम्ही, आणि ताट नसेल तेव्हा एका पातेल्यात. त्यानंच बहीण मला दिली. “हा थापाड्या आहे, पण मारकुटा नाही,” एवढंच शिफारसपत्र. तो फिटर होता. लोखंड त्याच्या हातात मेणासारखं वळे. भंगारात काढलेल्या एका बसचा मागचा अर्धा भाग त्यानं मिळवला. त्याला पुढं भिंत घातली, दार बसवलं, खाली जाडजूड दांडा जोडून जीपला अडकवायचा आकडा केला. बेत असा, की तिघांनी देवमाचीला जायचं. उन्हाळ्यात तिथं सगळी मुंबई गार व्हायला येते. मी जीपमधून लोक फिरवणार, भिकाजी बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करणार, इंदू खानावळ चालवणार. ज्या गावचं पाणी गोड, तिथं मुक्काम.

इंदू जुन्या लुगड्याचे पडदे शिवत होती. “आणि पावसाळ्यात?” तिनं विचारलं.

“खाली येऊ.”

“खाली कुठं?”

“उभं करू तिथं. आपलं घर आहे, कोण हटकणार?”

तिनं दातानं दोरा तोडला. सुई पुढं चालू लागली.

“आणि गाडी घाटात बसेल कशी?” ऋजुतानं मध्येच विचारलं. “म्हणजे, तुम्ही रस्ता ठरवलात कसा?”

“दोरानं.”

ही अक्कल भिकाजीची. जीपच्या नाकापासून घराच्या शेपटीपर्यंत दोर धरायचा आणि तेवढाच तोडायचा. मग गाडी घरी ठेवून दोर घेऊन घाटात जायचं. पुढचं टोक माझ्या हातात, म्हणजे मी जीप. मागचं भिकाजीच्या हातात, तो घर. दोर ताणून दोघांनी वळण चालायचं, मी बाहेरच्या अंगानं, तो माझ्यामागून. ताणलेला दोर आतल्या कडेला घासला नाही, तर गाडी निघणार. घासला, तर अडकणार. एवढं सोपं. शाळेत न गेलेल्या माणसालाच सुचावं असं.

वैशाखात आम्ही घाट असा पायी चाललो. मी तोंडानं जीपचा आवाज काढी, भिकाजी मागून घराचा. घराचा आवाज कसा म्हणाल, तर वहिनीसारखा. “अगं बाई, माझी भांडी! अहो, माझा बंब!” लाकडाचे ट्रक थांबत. ड्रायव्हर विचारत, “काय रे, चळलात काय?”

“घर चाललंय! बाजूला घ्या!” भिकाजी ओरडे.

दोन वळणं आम्ही पहारीनं रुंद केली. एका ठिकाणी आडवी आलेली जांभळाची फांदी तोडली. निम्म्या घाटात खिंडीपाशी वाघजाई आहे. तिथं नारळ फोडल्याशिवाय नवी गाडी वर जात नाही, अशी आमच्याकडची रीत. घर ही नवीच गाडी. म्हणून शेवटच्या दिवशी नारळ आणि भाकऱ्या घेऊन इंदूही आली होती. तिला आमच्या दोराचं भारी हसू येई. “दोन म्हातारे वासरू शोधायला निघाल्यासारखे दिसताय.”

वाघजाईच्या खालचं एक वळण मात्र हसण्यासारखं नव्हतं. तिथं डोंगराच्या कुशीत ओहोळ उतरतो आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. म्हणजे वळणाची आतली बाजू दरीची. कडेला चुना लावलेले दगड, आणि दगडांपलीकडं काही नाही. इंदू करवंदं वेचत वरच्या वळणाला गेली होती. मी दोराचं टोक छातीशी धरलं, डोंगराला खांदा घासत चालायला लागलो. मागं वळून बघायचं नाही, हा नियम. जीपला कुठं मागं बघता येतं?

“ताण!” मी ओरडलो.

“ताणलाय!”

“घासतोय?”

मागं खडी करकरली.

“नाही,” भिकाजी म्हणाला. “बसतंय, हरी. आरामात बसतंय.”

मी तिथंच नाचलो. तेच एक वळण मला झोपू देत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी अख्खी वाडी जमली. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. घराच्या दाराला तोरण, जीपच्या नाकाला हळदकुंकू. मी जीपमध्ये, इंदू घरात खिडकीशी, भिकाजी पायी मागं, हातात चाकाला लावायचा मोठा दगड. घाटात ओझं ओढताना मागं असा एक माणूस लागतोच. गाडी मागं सरू लागली की त्यानं धावून चाकाखाली दगड टाकायचा. जीव त्याच्या हातात.

“आणि मग काय सांगू,” मी मंदारला म्हणालो, “पहिल्या वळणाला समोरून एसटी. ड्रायव्हरनं बघितलं, घर येतंय. बिचाऱ्यानं बस मागं घ्यायला सुरुवात केली ती थेट डेपोपर्यंत. दुसऱ्या वळणाला माकडं खिडकीतून आत. एकानं बंब पेटवला. दुसरं अंघोळीला बसलं. टाळकी सांभाळत वाघजाईच्या खाली आलो तर तुझी आत्या म्हणते, थांबवा.”

“का?”

“मळमळतंय म्हणे. आणि उतरली ती कोनाड्यातले देव पदरात घेऊन. मी म्हटलं, अगं, देव कशाला? तर म्हणाली, त्यांनाही मळमळतंय.”

ऋजुता पोट धरून हसली. आतली खरखर थांबली होती. नारळ संपला असेल.

इंदू खालच्या मोरीच्या, छोट्या पुलाच्या कट्ट्यावर बसली आणि मी जीप ओहोळाच्या वळणावर घातली. दोर फिरवला होता तसाच, डोंगराला खेटून. जीप वळली. दांडा वळला. आणि मग मागून असा आवाज आला, जसा कुणी दगडी पाट्यावर लोखंडी कढई ओढावी. चुन्याचा एक दगड गेला. त्याच्यामागं दुसरा. आरशात बघितलं तर माझं घर एका बाजूला मान टाकत होतं. जीप मागं खेचली जायला लागली. ब्रेक म्हणजे नुसता पाय ठेवायला फळी. मला वाटलं, भिकाजी घराकडं धावणार. तो माझ्याकडं धावला. जीपच्या चाकाखाली त्यानं दगड टाकला आणि स्वतः खांदा लावला. जीप थांबली. आकडा निखळला.

घर दरीत जाताना भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. एक पडदा तेवढा करवंदीच्या जाळीला अडकून वर राहिला.

मंदार आता हसत नव्हता. “पण दोर तर बसला होता ना, काका?”

“तिथंच तर मेख आहे,” मी म्हणालो.

इथं मला जरा थांबावं लागतं. कारण इथून पुढं मी पडवीत जे सांगतो ते वेगळं, आणि घाटात झालं ते वेगळं. पडवीतलं सगळ्यांना ठाऊक आहे. घाटातलं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

घर गेल्यावर मी जीपच्या सीटखालचा तो दोर काढला. माणसाचं डोकं कशाला धरून बसेल, सांगता येत नाही. मला एवढंच कळून घ्यायचं होतं, की चुकलं कुठं. एक टोक भिकाजीच्या हातात दिलं.

“धर. पुन्हा चालू.”

“आता कशाला, हरी?”

“धर म्हणतो ना.”

ह्या वेळी मी नियम मोडला. भिकाजीकडं पाठ नाही, तोंड करून उलटा चाललो. दोर ताणला. आणि दोर चुन्याच्या दगडांवरून, गेलेल्या दगडांच्या खाचांवरून, चांगला हातभर दरीच्या बाजूला गेला. बसत नव्हता. कधीच बसला नसता.

भिकाजीनं दोर आता अगदी टोकाला धरला होता, दोन बोटांत, विंचू धरल्यासारखा.

“त्या दिवशी कसा धरला होतास?” मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. मग मूठ दाखवली. दोराचे दोन वेढे मुठीभोवती घेतले आणि मूठ मिटली. एवढंच.

“का रे?”

“मला बंदरावर नोकरी लागलीय. कायमची. वर्कशॉपात.”

“मग?”

“तुला सांगायचं कसं, तेच कळेना. तू इतका… तुझं ते गोड पाणी, खानावळ. मी नाही म्हटलं असतं तर तू मला सोडून गेला असतास. तू गेलाच असतास, हरी. आणि वर एकटा मेला असतास. म्हटलं, इथं अडकेल. माघारी फिरू. हसू, आणि सोडून देऊ. पडेल असं नव्हतं वाटलं. वाघजाईची शपथ.”

“तोंडानं सांगायचं होतंस.”

“हो.”

“तोंड दिलंय ना देवानं? माझ्यासारखी थाप मारायची होतीस. पाय मोडला म्हणायचं. बाप वारला म्हणायचं.”

“बाप वारलाच आहे.”

“मग पुन्हा वारला म्हणायचं!”

तो रडायला लागला. मला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि दोन मिनिटांपूर्वी त्यानंच माझ्या चाकाखाली दगड टाकला होता. अशा माणसाचं काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. शत्रूनं मारलं तर निदान ओरडता येतं.

मोरीच्या कट्ट्यावर इंदू बसली होती, मांडीवर देव घेऊन. तिथवर चालत जाताना माझ्या डोक्यात एकच. हिचे आईबाप गेलेले. हिचं माहेर म्हणजे हा एक भिकाजी. खरं सांगितलं, तर घर तर गेलंच, आता माहेरही जाईल. दिवाळीला ही जाईल कुठं?

“काय झालं?” तिनं विचारलं.

रस्त्याकडेला एका धनगराच्या बकऱ्या चरत होत्या.

“बकरीनं घात केला,” मी म्हणालो. “मापाच्या आधी दोराचं टोक खाल्लं होतं मेलीनं. हातभर.”

इंदूनं बकऱ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. “असं का,” म्हणाली, आणि उठली. कणगीमागच्या जागेत आम्ही परत आलो. तिथून वर यायला, ही पडवी उभी राहायला, पुढची कितीतरी वर्षं गेली. ती कशी गेली ते वहिनीला विचारा.

बकरी मात्र वाढत गेली. दर भाऊबीजेला भिकाजी यायचा, पाटावर बसायचा. इंदू त्याला ओवाळायची आणि पंगतीत कुणीतरी म्हणायचं, “हरीभाऊ, ती बकरीची होऊ द्या.” मी सांगायचो. पहिल्या वर्षी भिकाजीनं ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या वर्षी कसंनुसं हसला. मग हळूहळू त्याला घास गिळता यायला लागला. आणि एका वर्षी मी बकरीचं वर्णन करत असताना तोच म्हणाला, “शिंगं विसरलास, हरी. वाकडी होती.” सगळे खो खो हसले. मीही हसलो. त्या रात्री मला कळलं, की माझं घर त्यानं दोनदा दरीत टाकलंय. दुसऱ्यांदा पंगतीत बसून.

तरी बोललो नाही. त्याच्या तिरडीला खांदा दिला तेव्हाही नाही. कारण माझ्यापाशी एक गोष्ट होती, जी त्याच्यापाशी नव्हती. माझ्या बायकोला मी कधी फसवलं नव्हतं, आणि तिनं मला. ह्या एका थापेपुरतं सोडा. ती थाप तिच्यासाठीच होती. घर गेलं, दोस्त गेला, पण दोर धरणारं दुसरं माणूस माझ्या बाजूला होतं, असं मी धरून चाललो होतो.

“तर मेख काय,” मी पडवीत मंदारला सांगत होतो, “धनगराची एक बकरी होती. दाढी अशी, की गावचे बुवा लाजावेत. एक शिंग वाकडं, दुसरं त्याहून वाकडं. आम्ही मापाला गेलो त्या दिवशी आमची भाकर सोडून तिनं नेमकं दोराचं टोक चघळलं. आणि एवढ्यावर थांबली नाही हो! चुन्याचा दगडही…”

“बकरी नव्हती.”

इंदू दारात उभी होती. हाताला खोबरं लागलेलं.

मंदार हसला. “आत्या, तू पण? मग दोर कुणी खाल्ला?”

“कुणी खाल्ला नाही. तुझ्या बाबानं मुठीला दोन वेढे घेतले होते. मी वरच्या वळणावर होते. खाली सगळं दिसत होतं.”

ऋजुता एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. वय झालंय.

“कधी बघितलंस?” मी विचारलं.

“मापाच्या दिवशी.”

“म्हणजे आपण निघायच्या आधी?”

“आधीच.” ती पदराला हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत राहिली. “तुम्ही नाचत होतात तिथं, बसतंय बसतंय म्हणून. मला त्या डब्यात जायचं नव्हतं हो. आज ह्या गावात, उद्या त्या. तुम्हाला सांगायची छाती नव्हती. दादानं दोर मुठीत घेतला ना, तेव्हा मला किती सुटल्यासारखं वाटलं.”